संमतिपत्रातून गाळलेलं एक वाक्य

आमच्या नाचणगावात दुपारी पुलगावच्या लष्करी डेपोकडून धमाके ऐकू येतात. जुना दारूगोळा नष्ट करतात. मांडणीवरची ताटं किणकिणतात, खिडकीची काच थरथरते, आणि कोणी मान वर करत नाही. मोठे बाबा मोठ्या आईला मारायचे तेव्हाही आमच्या अंगणात तसंच व्हायचं. आई भाकर उलटत राहायची. बाबा बैलांना पाणी दाखवायला उठायचे. मी पुस्तकाचं पान धरून बसायचे, ते उलटायचं मात्र नाही.

मोठे बाबा म्हणजे माझ्या बाबांचे थोरले भाऊ आणि मोठी आई त्यांची बायको. घरं दोन, अंगण एक. त्यांची मुलगी लग्न होऊन लांब गेलेली. माझी आई मजुरीला जायची म्हणून लहानपणी मी मोठ्या आईच्याच चुलीजवळ वाढले. मोठे बाबा तरुणपणी सरकीच्या ट्रकवर क्लीनर होते, मग ड्रायव्हर झाले, आणि पाठ दुखायला लागल्यावर घरची शेती बघू लागले. मारायला त्यांना फार कारण लागत नसे. भाजीतलं मीठ. उघडी राहिलेली कडी. हाताने मारत आहेत की वस्तूने, हे मला आवाजावरून कळायचं. हाताचा आवाज पसरट येतो. कापूस वेचून झाल्यावर वाळलेली झाडं उपटून रचतात, त्या पऱ्हाटीच्या काडीचा आवाज आधी हवेत येतो आणि मग अंगावर.

हे लिहावं की नाही, याबद्दल मी अजूनही साशंक आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. शिकलेल्या पोरीने घरातलं बाहेर नेलं, असं लोक म्हणतील, आणि ते खोटं नसेल. पण त्या वर्षी मोठ्या आईने जो मार खाल्ला, त्याला कारण पुरवणारा कागद माझ्या हातचा होता. म्हणून लिहिते.

मी वर्ध्याला एम.एस्सी. करते, पुलगावहून गाडीने जाते-येते. माझा प्रकल्प गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरवर आहे. हा कॅन्सर बहुतेक वेळा एका विषाणूमुळे होतो. त्या विषाणूने पकडलेल्या पेशींमध्ये काही अतिशय लहान आरएनए असतात. त्यांचं प्रमाण कसं बदलतं, हे मोजायचं माझं काम. तपासणीसाठी काढलेल्या तुकड्यातला उरलेला कण आम्हाला मिळतो, आणि तो वापरायला त्या बाईची लेखी संमती लागते.

कापसाच्या दिवसांत एका सकाळी आम्ही तिघी अंगणात वेचलेल्या कापसातला पाला काढत होतो. आई, मोठी आई आणि मी.

"तू तिथं दिवसभर काय करून राह्यली, थे मले समजन असं सांग," मोठी आई म्हणाली.

मी घाबरतच सुरू केलं. सेमिनारलासुद्धा मी इतकी अडखळले नव्हते. "पेशीत एक मोठं पुस्तक असते, मोठी आई. त्याले जागेवरून हलवत नाई. त्यातली जेवढी ओळ लागन तेवढी चिठ्ठीवर उतरवून घेतात, अन् थे चिठ्ठी वाचून काम होते."

"मंग?"

"मंग काही बारक्या चिठ्ठ्या असतात. वीस-बावीस अक्षरांच्या. त्या मोठ्या चिठ्ठीवर जाऊन बसतात अन् तिले वाचूच देत नाई. तिले गप करतात."

"म्हंजे सासू," मोठी आई म्हणाली.

आई पदर तोंडाला लावून हसली.

"हसू नको वो. उधळणाऱ्या पोट्टीले थांबवते थे चांगली सासू. माही तशी नोयती. अन् कॅन्सर कसा होते?"

"विषाणू घुसते. पेशीत एक राखणदार असते, त्याले थो मारते. म्हंजे स्वतः नाई मारत. धरते अन् कचरा बारीक करणाऱ्या यंत्रात ढकलून देते. तिथं राखणदाराचे तुकडे होतात. थो जिवंत असला त बारक्या चिठ्ठ्यांले बोलावते, सांगते का आता गप करा, वाढू देऊ नका. थो मेला का बोलावणारंच कोणी राह्यत नाई. मंग 'वाढ, वाढ' म्हणणारी चिठ्ठी वाचलीच जाते, वाचलीच जाते."

"अन् बाईले समजत नाई?"

"लय वर्षं नाई समजत."

ती पाला निवडत राहिली. विषाणू मुळात येतो कुठून, हे तिने विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. पलीकडे बाबा बंडीची, म्हणजे बैलगाडीची, दोरी आवळत बसले होते. त्यांच्यासमोर 'शरीरसंबंध' हा शब्द माझ्या तोंडातून निघाला नसता.

आई चहा ठेवायला आत गेली तेव्हा मोठी आई खाली बघत म्हणाली, "माह्यं थांबलं होतं ना चार वर्षांपासून, थे वापस सुरू झालं."

"कईपासून?"

"पोळ्यापासून."

"रोज?"

"रोज नाई. जास्त ओझं उचललं का. अन् हे जवळ आले का." ती अजून खाली वाकली. "वास बी येते."

"सांगतलं काऊन नाई?"

"सांगून काय करू? वापस बाहेर बसा लागन. भाकर कोन टाकन?"

आमच्याकडे पाळी आलेली बाई चार दिवस चुलीला शिवत नाही. मोठ्या आईचं रक्त चार दिवसांत थांबत नव्हतं. सांगितलं असतं तर चूल बंद, आणि चूल बंद म्हणजे मार. म्हणून पोळ्यापासून ती गडद लुगडी नेसत होती आणि फडकी नाल्यावर नेऊन एकटी धूत होती. मी रोज याच आजाराची माहिती वाचत होते आणि रोज तिच्याच शेजारी जेवत होते.

दोन दिवसांनी मी तिला कॉलेज बघायला नेते म्हणून रुग्णालयात नेलं. डॉक्टरबाईंनी तपासलं. बाहेर येऊन त्या माझ्याशी इंग्रजीत बोलल्या, तेव्हाच मला कळलं. तुकडा काढून तपासायला हवा, गुरुवारी या, उशीर करू नका, असं त्यांनी मोठ्या आईला मराठीत सांगितलं.

"घरी इचारून येजो म्हंते का?" मोठ्या आईने मला विचारलं. तसं कोणी म्हटलं नव्हतं. पण आमच्या बाया घरी विचारल्याशिवाय बांगड्याही भरत नाहीत. मी तिला सांगितलं, विचार. आणि विचारताना दाखवायला म्हणून तो कागद दिला.

आता त्या कागदाबद्दल. संमतिपत्रासोबत द्यायचं मूळ माहितीपत्रक तीन पानांचं होतं. बाया ते घडी घालून नेत आणि तशीच घडी परत आणत. मला वाटलं, एक पान असेल तर वाचतील, कोणाकडून वाचून घेतील. मी माझ्या मनाने, प्रकल्पाच्या मार्गदर्शक मॅडमना न दाखवता, त्याचा सोप्या मराठीत एक पानाचा मजकूर केला. अवघड शब्द काढले. अक्षर मोठं ठेवलं. तरी शेवटच्या चार ओळी दुसऱ्या पानावर जात होत्या. मग मी मधली वाक्यं कमी केली. "हा विषाणू शरीरसंबंधातून एका व्यक्तीकडून दुसऱ्या व्यक्तीकडे जातो," हे वाक्य ठेवलं, कारण ते महत्त्वाचं होतं. त्याच्या पुढचं वाक्य लांबलचक होतं. ते मी गाळलं. पान बरोबर बसलं. मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं की मी त्या कागदाचा फोटो काढून मैत्रिणीला पाठवला.

मोठ्या आईने तो कागद त्याच संध्याकाळी मोठ्या बाबांच्या हातात दिला. "वाचा," ती म्हणाली. "आपल्या पोरीनं लिवलं हाय."

तिला अक्षरओळख नव्हती. ते सातवी शिकलेले होते. ओसरीवर बसून ते बोट ठेवून मोठ्याने वाचू लागले, आणि ती दाराला टेकून, स्वतःची वाहवा होत असल्यासारखी ऐकत उभी राहिली. मी अंगणात होते. बोट त्या वाक्यावर आलं. त्यांनी ते वाचलं, थांबले, आणि परत वाचलं. या वेळी मनात.

"हे तू लिवलं?" त्यांनी मला विचारलं.

"हो."

"खरं हाय?"

"हो, पण..."

माझा 'पण' त्यांच्यापर्यंत गेला नाही. त्यांनी तिचे केस धरले आणि तिचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं. काय झालं म्हणून विचारण्याइतका वेळही तिला मिळाला नाही. ती खाली बसली तेव्हा त्यांनी रचलेल्या पऱ्हाटीतून काडी ओढली. एक तुटली, दुसरी ओढली. "कोन?" ते विचारत होते. एक काडी, एक 'कोन'. "कोन हाय थो?" तिने हात डोक्यावर घेतले तर त्यांनी बोटांवर मारलं. तिची बांगडी फुटून मनगटात घुसली. ती ओरडली नाही. ती पहिल्यापासूनच मारताना ओरडत नसे, त्याने मार लांबतो म्हणायची.

आई धावली तेव्हा त्यांनी बाबांकडे बोट दाखवलं. "हाच त नाई?"

बाबा जागच्या जागी थिजले. त्या दिवसापासून ते मोठ्या आईच्या बाजूने एक शब्द बोलू शकले नाहीत. बोलले असते तर तोच पुरावा ठरला असता. एका आरोपाने मोठ्या बाबांनी अंगणातला दुसरा पुरुष संपवला. मला नंतर कितीदा वाटलं की विषाणूसुद्धा असंच करतो, आधी राखणदार.

पुढचे पाच दिवस त्या घरात चौकशी चालली. भाजीवाला. पीठगिरणीवाला. तिचा मावसभाऊ. रोज नवं नाव, आणि प्रत्येक नावासोबत मार. मी दोनदा ओसरीपर्यंत गेले आणि सांगायचा प्रयत्न केला, तर ते म्हणाले, "तुह्याच कागदात लिवलं हाय ना? का आता थे खोटं?" खोटं नव्हतं. तीच अडचण होती. मी घरी येऊन मूळ तीन पानं काढली आणि गाळलेलं वाक्य वाचलं. मग परत त्यांच्या ओसरीवर जायची हिंमत माझ्यात उरली नाही. हेही लिहायला हवं.

गुरुवारी सकाळी मोठी आई अंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून अंगणात आली. एक डोळा सुजून मिटला होता.

"चाल वो पोरी," ती मला म्हणाली. "गाडी जाईन."

मोठे बाबा गोठ्यातून बाहेर आले. "कोठी चालली? त्याले भेटाले?"

मोठी आई थांबली. ती त्यांच्याकडे वळली आणि साध्या आवाजात, भाव विचारावा तशी म्हणाली, "मी त या अंगणाच्या बाहेर कई गेली नाई. गावोगाव तुम्ही फिरले. मंग माह्या आंगात आलं त कोठून आलं?"

मला वाटतं, हा प्रश्न तिने पाच दिवस मार खाताना तयार केला होता. माझ्या कागदातल्या एका वाक्यावरून ती जिथे पोचली, तिथे मी तीन पानं वाचूनही तिला नेऊ शकले नव्हते.

त्यांनी तिच्या पोटात लाथ मारली. ती मागे भिंतीवर आदळली आणि घसरत खाली बसली. त्यांनी दुसरी मारली, बेंबीच्या खाली, टाचेने. मग तिच्या लुगड्याखालून रक्त आलं. थेंब नव्हे. मडकं कलंडल्यासारखं आलं आणि अंगणाच्या सारवणावर पसरलं, त्यात काळ्या गाठी होत्या. ती रक्ताकडे बघत होती. ते तिसऱ्या लाथेसाठी पाय उचलत होते.

बंडीच्या कडेला आधार म्हणून उभे ठोकतात ते लाकडी दांडके, उभाऱ्या, भिंतीशी पडल्या होत्या. मी विचार न करता एक उचलली, असं मला सांगता आलं असतं. पण मला आठवतं, दोन होत्या आणि मी जाड होती ती निवडली. मी मारली तेव्हा त्यांनी उजवा हात आडवा घातला. हाड मोडल्याचा आवाज पऱ्हाटी मोडल्यासारखाच येतो, फक्त ओला. ते बसले. मी दुसऱ्यांदा उगारली, आणि आईने मागून माझी कंबर धरली.

मला बरं वाटलं होतं. क्षणभर का होईना, मारताना बरं वाटतं. माझ्या घरातल्या माणसाबद्दल हे मला त्या दिवशी पहिल्यांदा समजलं, आणि माझ्याबद्दलही. ते मला अजून सलतं.

एकाच ऑटोत आम्ही तिघं वर्ध्याला गेलो. मोठी आई माझ्या मांडीवर, खाली गोधडी, आणि पुढे ड्रायव्हरजवळ हात छातीशी धरून मोठे बाबा. देवळीपर्यंत गोधडी भिजून माझी सलवार लाल झाली. एका गतिरोधकाला मोठे बाबा कण्हले, तेव्हा मोठी आई डोळे मिटूनच म्हणाली, "हळू चालव रे बापा, त्यायले लागते."

रुग्णालयात नर्सने तिला विचारलं, कसं झालं? "पाण्यानं घसरली." त्यांना विचारलं, कसं झालं? "बैलानं भिंतीले दाबलं." नर्सने माझ्या कपड्यांकडे, मग माझ्या हाताला गेलेल्या कुसळांकडे पाहिलं.

"बैल लय झाले वाटते तुमच्याकडे," ती म्हणाली, आणि लिहू लागली.

रक्त थांबवायला आत कापड दाबून भरलं. त्याच वेळी डॉक्टरबाईंनी तुकडा काढायचं ठरवलं. कागद आला. मोठ्या आईने आजूबाजूला पाहिलं.

"हे त हाडाच्या वार्डात हाय. त्यायची सही?"

"त्यांची नाही लागत. तुमचाच अंगठा."

"माह्या एकटीचा चालते?"

"एकटीचाच चालतो."

तिने अंगठा असा दाबला की शाई ठशाच्या बाहेर आली. मग दुसरा कागद, आमच्या प्रकल्पाचा. तो मी पुढे करणार नव्हते. तीच म्हणाली, "तुह्यावाला बी आण." मी तिला मूळ तीनही पानं वाचून दाखवली. त्यात ते वाक्य होतं: "हा विषाणू इतका सर्वसाधारण आहे की बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी त्याचा संसर्ग होतो, तो अनेक वर्षं शरीरात काही लक्षण न दाखवता राहू शकतो, तो आढळला म्हणजे कोणी गैर वागलं असा अर्थ होत नाही."

"हे पयल्या कागदात होतं?"

"नाई."

"काऊन?"

"पानात बसत नव्हतं."

मला वाटलं ती रागावेल, आणि मला ते हवंही होतं. ती म्हणाली, "आण. अंगठा कोठी लावू?"

कॅन्सरच होता. शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेला होता, पण शेक देता येईल, म्हणजे रेडिएशन, असं सांगितलं. आठवड्यातून पाच दिवस, पाच-सहा आठवडे, एकही दिवस चुकवायचा नाही. तिच्या जगण्याचा सगळा प्रश्न आता त्या एका अटीवर आला: रोज घरातून निघता येईल का?

मी मॅडमना सगळं सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. माझा एक पानाचा कागद त्यांनी दोनदा वाचला आणि म्हणाल्या, "भाषा चांगली आहे." मग कागद उलटा ठेवला. "एक पान वाचवलंस." त्यानंतर महिनाभर त्यांनी मला संमतीच्या कामावर बसू दिलं नाही.

नमुन्यांच्या नळ्यांवर नाव नसतं, फक्त क्रमांक आणि तारीख. त्या गुरुवारची नळी एकच होती. मी हेही मॅडमना सांगितलं, तेव्हा ती नळी त्यांनी स्वतः हाताळली; मी हात मागे बांधून उभी राहिले. तुकडा इतका लहान होता की तिळाएवढा म्हटलं तरी जास्त होईल. तो चिरडावा लागतो, पेशी फोडाव्या लागतात, मगच आतलं मिळतं. यंत्राच्या पडद्यावर रेषा वर चढल्या. राखणदार ज्याला बोलावतो तो चौतीस क्रमांकाचा लहान आरएनए, म्हणजे बारकी चिठ्ठी, फार उशिरा दिसला. म्हणजे तो फार थोडा उरला होता. एकवीस क्रमांकाचा मात्र भरपूर होता. तोसुद्धा गप्पच करतो, पण तो वाढीला लगाम घालणाऱ्या चिठ्ठीलाच गप्प करतो. मी मोठ्या आईला सांगितलेली गोष्ट अर्धीच होती. गप्प करणं चांगलं की वाईट, हे कोणाला गप्प केलं जातं यावर ठरतं.

"एका नळीवरून काही सिद्ध होत नाही," मॅडम म्हणाल्या. मला ते माहीत होतं.

मोठे बाबा हात प्लास्टरमध्ये घेऊन ओसरीवरच्या बाजेवर बसत. बाबांनी मला त्यांच्या पाया पडायला लावलं, मी पडले. शेक सुरू होण्याच्या आदल्या दिवशी, दुपारी, मी तीन पानं घेऊन त्यांच्यासमोर जाऊन बसले.

"एक वाक्य राह्यलं होतं," मी म्हणाले, आणि वाचलं.

"वापस वाच."

मी वाचलं.

"म्हंजे मले बी असन?"

"असू शकते. येऊन निंघून बी गेला असन. तुमचं तुम्हाले बी समजलं नसन. ट्रकवर होते तवाचं..."

डाव्या हाताजवळ पाण्याचा पितळी गडू होता. तो त्यांनी फेकला. तो माझ्या भुवईवर बसला, आणि कागदावर आधी पाणी पडलं, मग रक्त. आजही तिथे केस उगवत नाहीत.

आतून मोठ्या आईचा आवाज आला. ती खाटेवरून उठू शकत नव्हती, पण आवाज स्वच्छ होता.

"एक हात बाकी हाय तुमचा," ती म्हणाली. "अन् उभाऱ्या बी दोन होत्या."

डेपोकडून धमाका आला. ताटं किणकिणली. मोठ्या बाबांनी मान वर केली, माझ्याकडे बघितलं, दाराकडे बघितलं, आणि बाजेवर भिंतीकडे तोंड करून निजले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो तेव्हा ते गोठ्याच्या दारात उभे होते. ते "जा" म्हणाले नाहीत. आडवेही आले नाहीत. रोज ते तिथेच उभे राहत, रोज आम्ही त्यांच्यासमोरून जात होतो, आणि रोज माझी पाठ ते अंगण ओलांडेपर्यंत ताठ असे. शेकाने मोठ्या आईची कातडी आतून भाजली, लघवीला आग होऊन ती दात चावायची, वजन उतरून लुगडं घसरायचं. तिने एकही दिवस चुकवला नाही. पाचव्या आठवड्यात मोठ्या बाबांचं प्लास्टर निघालं. त्या संध्याकाळी आम्ही सगळेच त्यांच्या हाताकडे बघत होतो. तो बारीक, पांढरट झाला होता. त्यांनी बोटं मिटून उघडून पाहिली, आणि माठातून पाणी घेतलं.

आता मोठी आई दर तीन महिन्यांनी तपासणीला जाते. आतापर्यंत ठीक आहे. पुढचं कोणी सांगत नाही. तिच्या खाटेखाली एक उभारी असते. मी विचारलं, मोठी आई, हे कायले?

"थे तुह्यावाली बारकी चिठ्ठी," ती म्हणाली. "मोठ्याले गप करते थे."

ती हसली. मी हसू शकले नाही, कारण ती उभारी कोणती, हे मला ओळखू येत होतं.

मॅडमनी मला परत संमतीच्या कामावर घेतलं आहे. नवं माहितीपत्रक रीतसर मंजूर होऊन आलं; ते अडीच पानांचं आहे. गाळलेलं वाक्य आता पहिल्या पानावर, सगळ्यांत वर आहे. शरीरसंबंधाचं वाक्य त्याच्यानंतर येतं. मी ते घरी न्यायला देत नाही, समोर बसून वाचून दाखवते. परवा देवळीकडची एक बाई नवऱ्यासोबत आली होती. तो माणूस शांत होता, टोपी मांडीवर ठेवून बसलेला. मी वाचायला सुरुवात केली. मजकूर मला पाठ आहे, त्यामुळे कागदाकडे बघायची गरज पडत नाही. वाचत असताना मी त्याच्या हातांकडे बघत होते. शेजारी बसलेली त्याची बायकोही तिथेच बघत होती.